बाकेमोनोगातारी बाराव्या भागात संपते की पंधराव्या?

तुमचा प्रश्न वाचला. 'बाकेमोनोगातारी' या जपानी ॲनिमे मालिकेचे बारा भाग पाहून, ताऱ्यांनी भरलेल्या आभाळाखालच्या त्या प्रसंगावर मालिका संपली असे तुम्ही धरून चालला होता आणि तो शेवट तुम्हाला मनापासून भावला होता. नंतर आणखी तीन भाग असल्याचे कळले, ते पाहिले आणि जमून आलेला सूर कुणीतरी बिघडवल्यासारखे तुम्हाला वाटले. आता तुम्ही विचारता की हे तीन भाग मुळात टीव्हीवर लागलेच नव्हते, तर त्यांना बोनस समजून बाजूला ठेवायला काय हरकत आहे, आणि असा प्रक्षेपणाबाहेरचा भाग मालिकेचा 'खरा शेवट' कसा ठरू शकतो. शिवाय तुमच्या मैत्रिणीला ही मालिका दाखवायची आहे, तर तिला कुठे थांबवावे, हेही तुम्ही विचारले आहे. तुम्ही सगळे भाग पाहिलेले असल्यामुळे मी उत्तरात शेवट उघडपणे सांगणार आहे. इतर वाचकांनी ही मालिका आणि 'वुल्फ्स रेन' पाहिली नसेल, तर त्यांनी आधी त्या पाहाव्यात.

मी व्यवसायाने संकलक आहे. टीव्ही मालिकांचे संकलन हे माझे रोजचे काम, आणि त्याशिवाय बऱ्याच वर्षांपासून पुण्यातल्या एका लहानशा गटासाठी मी ॲनिमे मालिका निवडून, त्यांचा क्रम लावून दाखवतो. त्यामुळे कोणता भाग शेवटचा धरायचा, हा प्रश्न मला वादापुरता पडत नाही. प्रत्येक मालिका दाखवायला घेताना तो सोडवावाच लागतो, कारण शेवटचा भाग संपल्यावर दिवे लागतात, लोक बोलू लागतात, आणि त्यांनी नेमके काय पाहिले हे त्या क्षणी पक्के होते.

आपण 'शेवट' या एकाच शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी बोलतो, आणि गोंधळ तिथे होतो. एक म्हणजे प्रक्षेपणाचा शेवट आणि दुसरा म्हणजे कथेचा शेवट. कादंबरीत शेवटचे पान लेखक ठरवतो, म्हणून तिथे हे दोन्ही एकाच जागी येतात. टीव्हीवर तसे होतेच असे नाही. आपल्याकडेही वाहिनीने मालिका बंद करण्याची तारीख कळवली की उरलेले कथानक त्या तारखेत कोंबावे लागते, हे संकलनाच्या टेबलावर बसणाऱ्या कुणालाही नवीन नाही. जपानमध्ये ही तारीख बहुधा अचानक येत नाही, ती आधीपासून ठरलेली असते. तिथले प्रक्षेपणाचे वर्ष जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार ठिकाणी सुरू होणाऱ्या तीन-तीन महिन्यांच्या तुकड्यांत विभागलेले असते. अशा एका तुकड्याला तिथे 'कूर' म्हणतात. आठवड्याला एक या हिशेबाने त्यात बारा किंवा तेरा भाग बसतात. रात्री उशिरा लागणाऱ्या मालिकांसाठी प्रकाशक, संगीत कंपनी, डिस्क काढणारी कंपनी वगैरे मंडळी एकत्र येऊन निर्मिती समिती स्थापन करतात आणि वाहिनीला पैसे देऊन ती वेळ घेतात. ज्या काळाबद्दल आपण बोलत आहोत, त्या काळात हा खर्च मुख्यतः डिस्कच्या विक्रीतून भरून काढायचा असे. म्हणजे किती भाग दाखवायचे, हे कथेने नव्हे तर घेतलेल्या वेळेने ठरते, आणि कथा तेवढ्यात मावली नाही तर उरलेले भाग टाकायला डिस्क किंवा संकेतस्थळ ही दुसरी जागा उपलब्ध असते.

आता तुमच्या मालिकेचा हिशेब मांडू. निशिओ इशिन यांचे मूळ पुस्तक २००६ साली दोन खंडांत आले. त्यात पाच प्रकरणे आहेत आणि प्रत्येकाच्या नावात एक मुलगी आणि एक प्राणी आहे. शाफ्ट स्टुडिओने शिंबो आकियुकी आणि ओइशी तात्सुया यांच्या दिग्दर्शनाखाली त्याची मालिका केली, तेव्हा सेंजोगाहारा हितागीच्या खेकड्याला दोन भाग दिले, मायोईच्या गोगलगायीला तीन, सुरुगाच्या माकडाला तीन, नादेकोच्या सापाला दोन आणि त्सुबासाच्या मांजराला पाच. बेरीज पंधरा होते. जुलै ते सप्टेंबर २००९ या काळात टीव्हीवर बारा भाग दाखवले गेले, म्हणजे मांजराच्या पाचांपैकी फक्त दोन. उरलेले तीन भाग नोव्हेंबर २००९, फेब्रुवारी २०१० आणि जून २०१० मध्ये, एकेक करून, मालिकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून आले. ज्याला तुम्ही बोनस म्हणता आहात ते एका सलग प्रकरणाचे तिसरे, चौथे आणि पाचवे भाग आहेत, आणि त्या प्रकरणाला नाव हानेकावा त्सुबासाचे आहे. तिच्या नावाने सुरू झालेले प्रकरण सेंजोगाहाराच्या भेटीवर संपले असे मानायचे, तर अकरावा भाग कशासाठी होता याचे उत्तर द्यावे लागेल.

तरीही बाराव्या भागाने तुम्हाला फसवले असे मी म्हणणार नाही, कारण तो भाग शेवटासारखाच रचलेला आहे. प्रक्षेपण इथे थांबणार हे लक्षात ठेवून तो बांधला असावा, असे त्याची लय पाहून मला वाटते. तो पुन्हा आठवून पाहा. सेंजोगाहारा मालिकेचा नायक आरारागी याला फिरायला नेते आणि गाडी चालवायला तिचे वडील असतात. मागच्या सीटवर बसून ती वडिलांच्या देखत त्याची मुद्दाम कुचंबणा करते, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर तयारीचे निमित्त काढून दोघांना गाडीत एकटे सोडते. वडील अवघडत, मोजकेच बोलतात. मग ती आरारागीला पुढे नेते, दोघे जमिनीवर पाठ टेकून आडवे होतात, आणि ती बोटाने दाखवते: तो देनेब, तो अल्तेर, ती व्हेगा. आपल्याकडे याच तीन ताऱ्यांना आपण हंसातला ठळक तारा, श्रवण आणि अभिजित म्हणून ओळखतो. लहानपणी आई-वडिलांबरोबर आपण इथे आलो होतो, असे ती सांगते. ते घर आता मोडलेले आहे, हे आपल्याला पहिल्या प्रकरणापासून माहीत आहे. आणि मग ती आपल्याजवळ देण्यासारखे काय आहे ते मोजून दाखवते. त्याला अभ्यास शिकवणे तिला जमते, एक गोड धाकटी मैत्रीण आहे, तुटक बोलणारे वडील आहेत, आणि हे आभाळ. एवढेच.

पहिल्या भागात ही मुलगी स्वतःचे वजन हरवून बसलेली होती आणि कुणालाही जवळ येऊ देत नव्हती. तिने आपले सगळे सामान असे उघडे करून समोर ठेवणे, हा तिच्या कथेचा पूर्ण आणि प्रामाणिक शेवट आहे. मी हा प्रसंग संकलक म्हणून अनेकदा थांबवून पाहिला आहे. एरवी ही मालिका अक्षरांच्या पाट्या, लाल-काळ्या चौकटी आणि झपाट्याने पडणारे कट यांनी भरलेली असते, आणि इथे मात्र चित्र स्थिर राहते. इतके भाग प्रेक्षकाचा डोळा पळवत ठेवल्यामुळेच ही स्थिरता जाणवते. त्यामुळे तुमची प्रतिक्रिया अगदी योग्य होती. तुम्ही फक्त एका पात्राचा शेवट हा मालिकेचा शेवट समजलात.

मालिकेने स्वतःहून काय काय उघडले होते आणि बाराव्या भागाअखेर त्यातले काय मिटलेले नव्हते, ते आता पाहू. माझ्या कामात मी हीच कसोटी सर्वांत आधी लावतो. प्रेक्षकाला आणखी काय पाहायला आवडेल हा प्रश्न मी घेत नाही. कथेने ज्याची अपेक्षा जाणूनबुजून निर्माण केली ते कुठे पुरे झाले, एवढेच पाहतो.

सुरुवातीपासून आपल्याला सांगितलेले असते की सुट्टीच्या आठवड्यात हानेकावाला मांजराने झपाटले होते. घरात मार खाणारी, बाहेर सगळ्यांशी नीट वागणारी ही मुलगी आतून किती तणावाखाली आहे, हे अकराव्या भागात उघड होते आणि तिथेच सोडून दिले जाते. दुसरी गोष्ट शिनोबुची. ओस पडलेल्या शिकवणीवर्गाच्या इमारतीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेली ती लहानखुरी पिशाच्च मुलगी मालिकाभर एक शब्दही बोलत नाही. आरारागीच्या शरीरात जे अर्धवट अमानवी उरले आहे त्याचे मूळ तिच्यात आहे, आणि तिच्याकडे कॅमेरा पुन्हा पुन्हा उगीच जात नाही. तिसरी गोष्ट ओशिनोची, म्हणजे अशा झपाटलेल्यांना उपाय सांगणाऱ्या जाणकाराची. माणूस दुसऱ्याला वाचवत नाही, प्रत्येक जण आपल्या आपणच वाचतो, हे त्याचे पालुपद प्रत्येक प्रकरणात येते. आणि चौथी, माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट खुद्द आरारागीची. पहिल्याच भागात तो जिन्यावरून पडणाऱ्या मुलीला झेलतो आणि त्यानंतर दिसेल त्याच्या मदतीला धावतो, अंगावर जखमा घेतो, मरता मरता वाचतो. मात्र स्वतःसाठी तो कधीच कुणाला हाक मारत नाही. हा त्याचा चांगुलपणा आहे की दोष, हे मालिका आपल्याला सतत विचारत असते.

बाराव्या भागात या चारांपैकी एकालाही उत्तर मिळत नाही. तेराव्यापासून पंधराव्यापर्यंत चारही एकाच घटनेत मिटतात, आणि म्हणूनच मी त्या तीन भागांना बोनस म्हणायला तयार नाही. हानेकावाचे डोके दुखू लागते, मांजर परत येते, आणि त्याच वेळी शिनोबु नाहीशी झालेली असते. आरारागी तिला शोधत गावभर फिरतो, आणि या शोधात आधीच्या प्रकरणांतल्या मुली त्याला मदत करतात. म्हणजे ज्यांना त्याने वाचवले, त्या आता त्याच्यासाठी धावतात. मग मांजर सांगते की हानेकावाच्या तणावाचे कारण आरारागीच आहे. तिचे त्याच्यावर प्रेम आहे, आणि ते ती कधी बोललेली नाही. तो तिच्याबरोबर राहायला तयार झाला तर सगळे संपेल. तो नाही म्हणतो. ज्या मुलीचे त्याच्यावर अपार उपकार आहेत तिला, ती मांजराच्या ताब्यात असताना, तो खोटा होकार देत नाही. आणि जेव्हा त्याचाच जीव जायची वेळ येते, तेव्हा तो शिनोबुला मदतीसाठी हाक मारतो, आणि ती त्याच्याच सावलीतून बाहेर येते.

त्या हाकेशिवाय मालिका अपुरी आहे. बाराव्या भागात आरारागीला कुणीतरी आपले सर्वस्व देते, पण त्याच्यात बदल होत नाही. पंधराव्यात तो बदलतो. त्यानंतर ओशिनो निरोप न घेता गाव सोडून गेल्याचे कळते, आणि तेही बरोबरच आहे, कारण आता हा मुलगा मदत मागू शकतो म्हटल्यावर त्याचे इथले काम उरलेले नाही.

तुमचा विरस झाला याचे कारणही मला इथेच दिसते. शेवटच्या गीताकडे पुन्हा लक्ष द्या. 'किमी नो शिरानाई मोनोगातारी' हे सुपरसेलचे गीत तुम्ही बारा भाग ऐकलेत आणि बाराव्यात तारे आल्यावर ते सेंजोगाहाराचे गाणे आहे असे तुम्हाला वाटले असणार, कारण त्यातही तेच तीन तारे आहेत. पण गाण्यातली मुलगी तिच्या प्रेमाबद्दल काहीच बोललेली नाही. शेजारी उभ्या असलेल्या मुलाला ते कळलेले नाही, आणि ती ते गिळून हसत राहते. सेंजोगाहारा अशी नाही, तिने तर पाचव्या भागातच सरळ सांगून टाकले होते. बोलली नाही ती हानेकावा. पंधरावा भाग पाहिल्यावर हे गाणे कुणाचे आहे ते कळते, आणि मग बारावा भागसुद्धा पहिल्यासारखा राहत नाही. त्या सुंदर रात्रीच्या वेळी आणखी कुणीतरी एकटे होते, हे आता आपल्याला माहीत असते. तुम्हाला जे बिघडल्यासारखे वाटले तो हाच बदल आहे. माझ्या मते त्याने बाराव्या भागाचे मोल वाढते. पण पहिल्यांदा पाहताना तो बोचतो हे खरे आहे, आणि तो बोचावा अशीच रचना आहे.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. पंधरावा भाग हा 'बाकेमोनोगातारी'चा शेवट आहे, हानेकावाच्या संपूर्ण कथेचा नाही. तिला आपले दुःख आपले म्हणून स्वीकारता येते ते २०१३ सालच्या 'सेकंड सीझन' या पुढच्या मालिकेच्या पहिल्या पाच भागांत. म्हणून 'खरा शेवट' असे म्हणताना कोणत्या कृतीचा, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो: इतर मालिकांत हे कसे ओळखावे? याहून ठळक उदाहरण 'वुल्फ्स रेन'चे आहे. बोन्स स्टुडिओची ही मालिका ओकामुरा तेन्साई यांनी दिग्दर्शित केली आणि नोबुमोतो केइको यांनी लिहिली. २००३ च्या जानेवारी ते जुलै या काळात ती फुजी टीव्हीवर सव्वीस भागांत दाखवली गेली, आणि २००४ च्या सुरुवातीला आणखी चार भाग ओव्हीए म्हणून, म्हणजे थेट डिस्कवर, आले. त्यांना क्रमांक २७ ते ३० असेच दिले गेले. सव्वीस अधिक चार म्हणजे तीस, म्हणून अनेकांना हे चार भाग वरचे वाटतात. पण टीव्हीवरचे पंधरा ते अठरा हे चार भाग केवळ मागच्या कथानकाची उजळणी करणारे आहेत, त्यात नवी कथा नाही. ते वजा करा. उजळणीने जेवढे आठवडे खाल्ले, बरोबर तेवढेच भाग प्रक्षेपणाबाहेर ढकलले गेले, आणि कथेचे भाग पुन्हा सव्वीसच भरतात.

आणि हे फक्त आकड्यांवरून म्हणायचे नाही. पहिल्या भागाच्या आरंभी बर्फात रक्तबंबाळ झालेला लांडगा दिसतो आणि स्वर्ग असा कुठे नाहीच असे लोक म्हणतात, मग मला त्याच्याकडे जावेसे का वाटते, असे विचारणारा आवाज ऐकू येतो. टीव्हीवरच्या सव्वीस भागांत हा बर्फ येत नाही. तो येतो तिसाव्या भागात, जेव्हा सोबती एकेक करून गेलेले असतात आणि किबा, म्हणजे तोच लांडगा, एकटा उरतो. ज्या मालिकेचे पहिले दृश्य तिसाव्या भागातले आहे, तिचा शेवट सव्विसाव्यात शोधणे व्यर्थ आहे. आमच्या गटात ही मालिका लावतो तेव्हा मी उजळणीचे चारही भाग गाळतो आणि ओव्हीएचे चार भाग न थांबता पुढे जोडतो. कुणालाही सांधा जाणवत नाही, कारण तो कथेत नव्हताच.

'कोकोरो कनेक्ट'चेही थोडेबहुत असेच आहे. २०१२ साली तेरा भाग टीव्हीवर झाले आणि 'मिची रँडम' हे शेवटचे चार भागांचे प्रकरण प्रक्षेपणानंतर वेगळे आले. त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही.

परंतु याचा अर्थ असा नव्हे की शेवटी जोडलेला प्रत्येक भाग हा खरा शेवट असतो. बहुतेक वेळा तो तसा नसतो. 'के-ऑन'च्या दुसऱ्या मालिकेत चोविसाव्या भागात शाळेतल्या बँडमधल्या मुलींचा पदवीदान समारंभ होतो, त्या बँडमधल्या धाकट्या आझुसासाठी गाणे म्हणतात, आणि मालिका तिथे संपते. त्यानंतरही दोन भाग टीव्हीवर लागले आणि एक डिस्कवर आला, पण ते कालक्रमाने आधीचे, सुटे प्रसंग आहेत. 'क्लॅनाड आफ्टर स्टोरी'तही बाविसाव्या भागात कथा पूर्ण होते. तेविसावा एक वर्ष मागचा प्रसंग सांगतो आणि चोविसावा उजळणीचा आहे. म्हणजे टीव्हीवर शेवटी लागला म्हणूनही एखादा भाग शेवट ठरत नाही.

'स्टाइन्स;गेट'चा पंचविसावा भाग या दोहोंच्या मध्ये बसतो आणि त्यावर आमच्या गटात नेहमी मतभेद होतात. २०११ साली चोविसाव्या भागात नायक ओकाबे सर्व जगरेषा, म्हणजे काळाच्या पर्यायी वाटा, ओलांडून आकिहाबाराच्या रस्त्यावर कुरिसुला पुन्हा भेटतो. मालिकेने विचारलेला प्रश्न, म्हणजे एकीला वाचवताना दुसरी गमवावी लागणार की नाही, तिथेच सुटतो. २०१२ च्या फेब्रुवारीत डिस्कच्या शेवटच्या खंडाबरोबर आलेला पंचविसावा भाग या मंडळींना लॉस एंजेलिसला नेतो आणि दोघांना मनातले बोलायला थोडी सवड देतो. माझ्या मते हे संगीत नाटकातल्या भरतवाक्यासारखे आहे: ते हवेसे वाटते, ते ऐकून उठावेसे वाटते, पण नाटक त्याच्या आधी संपलेले असते. तो भाग न पाहणाऱ्याने कथा अर्धवट पाहिली, असे मी म्हणणार नाही. 'बाकेमोनोगातारी'बद्दल मात्र तसे म्हणेन.

काही वेळा निर्माते स्वतःच दोन शेवट समोर ठेवतात, आणि तिथे निकाल देण्याची घाई करू नये. 'एंजल बीट्स'च्या शेवटच्या डिस्कवर एक छोटा उपसंहार आहे. त्यात नायक ओतोनाशी, मालिका जिथे घडते त्या परलोकातल्या शाळेतच राहिलेला दिसतो, आणि त्याला नावच 'अनदर एपिलॉग' असे दिलेले आहे. दुसरा म्हणून दिलेली गोष्ट पहिल्याच्या जागी बसवू नये. याउलट 'गंडाम सीड डेस्टिनी'चा पन्नासावा भाग १ ऑक्टोबर २००५ रोजी झाल्यावर त्याच वर्षी २५ डिसेंबरला 'फायनल प्लस' हा विशेष भाग आला. त्यात तोच शेवट नव्याने मांडून स्मारकापाशी शिन आणि आधीच्या मालिकेचा नायक किरा यांची भेट घातली. शिन हा मालिकेच्या आरंभीचा नायक, आणि पन्नासाव्या भागात त्याच्या रागाचे पुढे काय झाले याचे उत्तर नव्हते. ते या जोडणीने दिले. इथे मी विशेष भागाच्या बाजूने आहे, पण मूळ शेवट टीव्हीवर लागून गेलेला होता आणि लोकांनी तो पाहिलेला होता, हे विसरून चालणार नाही.

तुम्ही आणखी एक शंका काढली आहे, की हे सगळे डिस्क खपवण्यासाठी केलेले असते. यात तथ्य आहे. शेवट अडवून ठेवला की विक्री वाढते, हे समितीतल्या प्रत्येकाला कळते. पण भाग का विकला गेला आणि भागात काय आहे, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. केवळ विक्रीसाठी केलेला भाग पाहताना ते ओळखू येते. त्यात समुद्रकिनारा असतो, सहल असते, पात्रे आपापल्या ठरलेल्या सवयी दाखवतात आणि शेवटी सगळे जिथल्या तिथे परत येतात, कारण अशा भागाला काहीही बदलण्याची मुभा नसते. शेवट असलेल्या भागात कुणालातरी किंमत मोजावी लागते आणि त्यानंतर आधीची स्थिती परत येत नाही. हानेकावाला नकार मिळाला तो परत घेता येत नाही. मी भाग पाहताना हे तपासतो, आणि तो कुठल्या मार्गाने आला याची चौकशी त्यानंतर करतो. तोच दिग्दर्शक आणि तेच लेखक त्यामागे आहेत का, हेही मी पाहतो, मात्र ती दुय्यम गोष्ट आहे. त्याच हातांनी केलेले रिकामे भागही असतात.

यातले काही प्रेक्षकावर अवलंबून असते, हे मान्य आहे. २००९ च्या सप्टेंबरमध्ये जपानमध्ये ज्यांनी बारावा भाग पाहिला, त्यांना पुढचा भाग मिळायला नोव्हेंबर उजाडला आणि पंधराव्यासाठी पुढच्या वर्षीचा जून. इतके महिने ती ताऱ्यांची रात्र हाच त्यांचा शेवट होता, आणि त्यांच्या आठवणीत तो तसाच राहिला असेल तर त्यांना कुणी चुकीचे ठरवू शकत नाही. तुम्हीही बाराव्या भागापाशी थांबून राहू शकता. फक्त तसे करताना आपण सेंजोगाहाराची कथा पूर्ण पाहिली आणि आरारागीची अर्धी सोडली, एवढे ध्यानात असू द्यावे.

आता तुमच्या मैत्रिणीविषयी. मालिका पंधरा भागांची आहे, असे तिला सुरुवातीलाच सांगा, म्हणजे बाराव्या भागात तिला समारोपाची चाहूल लागणार नाही. अकरावा आणि बारावा भाग एका बैठकीत दाखवा, एक-दोन दिवस जाऊ द्या, आणि तेरा ते पंधरा सलग दाखवा. मध्ये फार खंड पडला तर हानेकावाच्या डोकेदुखीचा अकराव्या भागाशी असलेला संबंध सुटतो. गाण्याबद्दल आधी काही बोलू नका. सुट्टीच्या आठवड्यातली ती घटना २०१२ च्या ३१ डिसेंबरला लागलेल्या 'नेकोमोनोगातारी'च्या चार भागांत सविस्तर येते आणि कालक्रमाने ती आधीची आहे, म्हणून काही जण ती सर्वांत आधी दाखवतात. तसे करू नका. हानेकावाच्या मनातले पंधराव्या भागाआधी कळले, तर मांजराने ते सांगण्याला अर्थ उरत नाही. आणि पंधरावा भाग पाहून झाल्यावर तिने हानेकावाचे पुढे काय झाले असे विचारले, तर याच्या पुढची 'निसेमोनोगातारी' आणि मग 'नेकोमोनोगातारी' दाखवून 'सेकंड सीझन'च्या त्या पाच भागांपर्यंत तिला घेऊन जा.